डाव्या कोपऱ्यातला ‘सो’

रविवार, १२ ऑक्टोबर. सांगवी. सकाळी दहा.

हजर: सुमनताई सोनवणे, त्यांची मुलगी आणि जावई, मंगल आणि तिची आत्या, वडगाव निंबाळकरच्या शकुंतलाबाई, लोणी देवकरचे बबनतात्या, आमच्या खोक्यांच्या कारखान्यातले आजी-माजी मिळून अकरा जण, मी.

गैरहजर: नामदेव. त्याला निरोप देण्याचं काम माझ्याकडे होतं. दिला नाही.

कुठंही चार माणसं जमली की मी यादी करते. माझे आजोबा मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप वाडग्यात घेताना ते प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. मेंढरं गेली, शेती आली, शेतीतून आम्ही नोकरीत आलो, पण तो हात माझ्याकडे राहिला. मी कागद मोजते. त्या दिवशी सोनवणेसरांचा पहिला स्मृतिदिन होता. वंदना झाली, फोटोला पांढरी फुलं वाहून झाली. पंगतीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की घरची माणसं सोडली तर इथं आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दारात सर एकदा तरी एक कागद घेऊन उभे राहिले होते.

अशोक सोनवणे. हुद्दा पत्रव्यवहार लिपिक. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. डाळिंब आणि द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी करतो. मी तिथं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी, आणि कागदपत्रं सांभाळते. वर ऑफिसात ते सोनवणेसर, खाली मशीनवर सोनवणेआबा. शिक्षक मात्र ते कधीच नव्हते. व्हायचं होतं. शाळेच्या नोकरीसाठी दोनदा मुलाखतीला जाऊन आले आणि निकालाची वाट बघत ‘सहा महिन्यांपुरते’ कारखान्यात टेकले. मी रुजू झाले तेव्हा त्या सहा महिन्यांना नऊ वर्षं झाली होती. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “मी काय हितं कायमचा न्हाय. सहा महिन्यांसाठी आलोय.” पुढं दर वर्षी नवीन कॅलेंडर टांगताना ते हे वाक्य न चुकता म्हणत, आणि आम्ही न चुकता हसत असू.

त्यांची खोली स्टोअर आणि वॉटर कूलरच्या मधे. खिडकी नाही. वर एक पंखा, तो हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. टेबलावर लाल-निळी पेन्सिल, ब्लेड आणि एक काड्यापेटी. पेन्सिलीला टोक केलं की सालपटं काड्यापेटीत. काम एकच. हेड ऑफिसला सगळं इंग्रजीत लागायचं आणि आमचे शिफ्टचे अधिकारी इंग्रजी लिहायचे ते पाटाला पाणी सोडल्यासारखं. वरून सुरू झालं की खालपर्यंत कुठं बांध नाही. हेड ऑफिसातून कागद परत यायचा, ‘अर्थ लागत नाही’ असा शेरा घेऊन. मग तो सरांकडे. सर त्यात स्वल्पविराम, पूर्णविराम टाकायचे आणि कागद माणसात यायचा.

ते काम त्यांना खुर्चीत बसून जमायचं नाही. वाक्य चालून बघायचं, अशी त्यांची रीत. खोलीच्या दारापासून वॉटर कूलरपर्यंत सोळा पावलं होती. कागद हातात धरून, मोठ्यानं वाचत, एका शब्दाला एक पाऊल असे ते चालायचे. जिथं पाय आपोआप अडखळेल तिथं स्वल्पविराम. जिथं दोन्ही पाय जुळतील तिथं पूर्णविराम. खाली मशीन थांबलेली असली की त्यांचा आवाज पार पॅकिंगपर्यंत जायचा. बायका म्हणायच्या, “आबांची गाडी सुटली.”

गाडीचं त्यांना वेड होतं. सांगवीहून बारामती, बारामतीहून भिगवणमार्गे कारखाना, अशी अर्धी नोकरी त्यांनी एसटीत काढली होती, आणि इंग्रजीतली सगळी विरामचिन्हं त्यांनी त्याच रस्त्यावर मांडून ठेवली होती. पूर्णविराम म्हणजे स्टँड. अर्धविराम म्हणजे चहाला थांबलेली गाडी. उतरा, पण लांब जाऊ नका. एकावर एक दोन टिंबं म्हणजे कंडक्टरची डबल बेल, पुढं काहीतरी निघालंय. आणि स्वल्पविराम म्हणजे विनंती थांबा. “गाडी बंद करायची न्हाय,” ते म्हणायचे, “नुसतं एक माणूस चढू द्यायचं.”

माझ्या पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीचा एक कागद आला होता. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘व्हाइल द ऑपरेटर वॉज क्लीनिंग द रोलर स्टार्टेड.’ मी दोनदा वाचलं. ऑपरेटर रोलर साफ करत होता, इथपर्यंत ठीक, मग ते शेवटचं ‘स्टार्टेड’ कुणाचं? काय सुरू झालं? सरांनी मला उठवलं. म्हणाले, “चला.” मी नवीन, त्यांच्या मागून वॉटर कूलरकडं निघाले. ‘क्लीनिंग’ला ते असे गपकन थांबले की मी त्यांच्या पाठीवर आदळले.

“कळलं?” ते म्हणाले. “हितं थांबायचं. ऑपरेटर साफसफाई करत होता. थांबा. रोलर सुरू झाला. तुमी न थांबता पुढं गेला म्हणून रोलर ह्या गाडीत बसला. तो पुढच्या गाडीचा पॅसेंजर हाय.”

एक लाल शेपटीचं टिंब टाकलं त्यांनी, आणि खरंच काय घडलं ते मला दिसलं.

दुसरा किस्सा खरेदीचा. स्टोअरनं मागणी लिहिली होती: रबर ग्लोव्हज बॉक्स कटर टेप. हवे होते रबरी हातमोजे, खोकी कापायचा कटर आणि टेप. हेड ऑफिसनं पाठवलं रबराच्या पट्ट्यांचं एक पाकीट आणि हातमोजे ठेवायची एक सुंदर निळी पेटी. सरांनी जुन्या मागणीवर दोन स्वल्पविराम टाकले आणि स्टोअरकीपरपुढं कागद ठेवला. “दोन विनंती थांबे, बाकी काय न्हाय. तेवढ्यासाठी तुमची गाडी सोलापूरला गेली.” ती निळी पेटी पुढं त्यांनी मागून घेतली. भाकरी त्यातच आणायचे. जेवताना आधी मिरची संपवायचे, मग भाजी. का, तर नावडतं आधी उरकावं.

कडक नियम एकच होता. शब्दाला हात लावायचा नाही. एकदा एका अधिकाऱ्यानं वाटेत बंद पडलेल्या ट्रकबद्दल लिहिलं, की ट्रक मेला. मी म्हटलं, “सर, हे बदला की.”

“लिहिणाराच्या लेखी मेला असंल.”

“पण चूक आहे.”

“शैलाबाई, शब्द त्यांचा, थांबा माझा. आपण थांबे बांधणारी माणसं. गाडीत कोण बसतं ते आपण बघायचं न्हाय.”

त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं. माझ्याही कामाचा तोच नियम होता. कागदात काय आहे ते माझं नाही. कागद जागेवर आहे की नाही, ते माझं.

आता माझी बाजू लिहिते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. परत येणाऱ्या कागदांना मी कंटाळले होते. म्हणून मी एक पद्धत बसवली. कुठलाही इंग्रजी कागद सरांनी पाहिल्याशिवाय फायलीत जाणार नाही. त्यांनी पाहिलं याची खूण म्हणून खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘सो’. माझ्या रजिस्टरात त्याचा एक रकाना. पद्धत चांगली चालली. हेड ऑफिसचे शेरे बंद झाले, मला शाबासकी मिळाली.

कामगारांचे जबाबही त्याच वाटेनं जाऊ लागले. कुणाला उशीर झाला, कुणाची बाचाबाची झाली, कुणाला लागलं, की शिफ्टचा अधिकारी त्याला मराठीत विचारायचा आणि स्वतः इंग्रजीत लिहायचा. मसुदा सरांकडे. सर चालायचे, थांबे टाकायचे. कागद टाइप व्हायचा, ‘सो’ पडायचा, आणि मग कामगाराला बोलावून उजव्या कोपऱ्यात सही. कुणी बिचकला तर आम्ही सांगायचो, “कर सही, आबांनी बघितलंय.” हे वाक्य मी किती जणांना म्हटलं याची यादी मात्र माझ्याकडे नाही.

बघता बघता त्या ‘सो’ला वजन आलं. अधिकाऱ्यांना वाटायचं, ‘सो’ आहे म्हणजे सरांनी कामगाराला वाचून दाखवलं. कामगारांना वाटायचं, आबा एवढं मोठ्यानं वाचतात म्हणजे आपलंच वाचतात. सरांचा आवाज सगळ्यांच्या कानावर पडत होता. तो कुणासाठी आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर शेजारच्या टेबलावर होते.

मंगलचा कागद आला तेव्हा सरांच्या निवृत्तीला नऊ महिने राहिले होते. मंगल इंदापूरकडची, पुठ्ठ्याच्या मशीनवर. रोलरमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. दवाखान्यातून आल्यावर जबाब झाला, आणि तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. मला आठवतं, तो मसुदा चालून आल्यावर सर खूश होते. म्हणाले, “आजचं वाक्य चांगलं झालंय. तीन तुकडे, दोन थांबे, कुठं खडखड न्हाय.” ते तीन तुकडे असे होते: ऑपरेटरनं परवानगी न घेता रोलरवरची जाळी उघडली, सूचना देऊनही हात आत घातला, आणि चूक आपली असल्याचं तिला मान्य आहे.

महिन्याभरानं ती कामावर परत आली, तर हातात नोटीस. चौकशी बसली. आरोप टिकला असता तर नोकरी जाणार होती, आणि दोन बोटं नसलेल्या बाईला या वसाहतीत दुसऱ्या मशीनवर कोण उभं करणार?

चौकशीच्या दिवशी सकाळी मनुष्यबळ विभागाचे देसाईसाहेब सरांच्या खोलीत आले. दार लावलं नाही त्यांनी. लावण्यासारखं काही बोलत नव्हते, असं त्यांना वाटत असावं.

“सोनवणे, आठ महिने राहिले ना?”

“व्हय साहेब.”

“आज तुम्हाला एकच विचारतील. वाचून दाखवलं का. हो म्हणा, विषय संपला. नाही म्हणालात तर एक कागद नाही, सगळी फाइल उघडते. तुमची आणि ह्यांचीही.” ‘ह्यांची’ म्हणजे माझी. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता अंगठा माझ्या दिशेनं केला.

ते गेल्यावर सर पेन्सिलीला टोक करत बसले. टोक होतं, तरी करत होते. मग मला म्हणाले, “आमच्या घरी इंग्रजी कागद आला की आई गव्हाच्या डब्यात ठेवायची. वाचणारा येईपतूर. कदी कदी सहा-सहा महिने. गहू काढताना कागद हाताला लागला की तिचा चेहरा बघवायचा न्हाय.” ब्लेड पुसून ठेवलं.

चौकशी बैठकीच्या छोट्या खोलीत झाली. बारामतीहून आलेले एक वकील चौकशी अधिकारी, देसाईसाहेब, मंगल, तिच्या सोबतीला आत्या, सर, आणि नोंदी घ्यायला मी. मांडीवर रजिस्टर.

वकिलांनी कागद मंगलपुढं सरकवला. “ही सही तुमची?”

“व्हय. डाव्या हाताची हाय, पण माझीच.”

“यात काय लिहिलंय माहीत आहे?”

“मला इंग्रजी येत न्हाय साहेब. पण आबांनी बघितलंय की. आबा सगळ्यांचंच वाचत्यात.”

तिनं हे सरांच्या विरोधात म्हटलं नव्हतं. आधार म्हणून म्हटलं होतं. सरांकडे बघून थोडी हसलीही. त्या हसण्यानंच दार बंद झालं. तिचा त्यांच्यावरचा विश्वास हाच तिच्या विरुद्धचा पुरावा होता, आणि ते तिला माहीत नव्हतं. मला होतं. सरांना होतं.

“सोनवणे, तुम्ही हा जबाब वाचला?”

सर उभे राहिले. बसून त्यांना वाचता यायचं नाही, तसं बहुतेक बोलताही आलं नसतं. खोलीत टेबल आणि खुर्च्या एवढ्या दाटीनं होत्या की एकच पाऊल टाकता आलं.

“वाचला,” ते म्हणाले. थांबले. “पण हिला न्हाय. वॉटर कूलरला.”

वकिलांनी चष्मा काढला. देसाईसाहेब म्हणाले, “सोनवणे, नीट सांगा.”

“नीटच सांगतोय साहेब. मी वाक्य वाचून थांबे टाकतो. तो कोपऱ्यातला ‘सो’ म्हणजे वाक्य बरोबर हाय, एवढंच. घडलेलं बरोबर हाय असं न्हाय. ही बाई काय बोलली ते मला कुणी सांगितलं न्हाय, आणि मीबी हिला इचारलं न्हाय. हिच्यापास्नं माझी खोली तीस पावलं.”

“मग याआधीच्या सगळ्या जबाबांवरचा ‘सो’?”

सर माझ्याकडे वळले. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर ते खोटं झालं नसतं. पद्धत माझी होती, रकाना माझा होता. ते क्षणभर माझ्या मांडीवरच्या रजिस्टराकडे बघत राहिले.

“त्याचाबी तेवढाच अर्थ,” ते म्हणाले आणि बसले.

मी ते लिहून घेतलं. खाली मान घालून, स्वच्छ अक्षरात, प्रश्नाखाली उत्तर. दुसरं काही केलं नाही.

आत्यानं मंगलला हळूच विचारलं, “काय झालं गं?” मंगल सरांकडे बघत होती, आणि आता हसत नव्हती.

मंगलचा जबाब पुन्हा झाला, मराठीत. मशीन बंद आहे असं सांगून तिला रोलर पुसायला लावलं होतं आणि मधेच कुणीतरी बटण दाबलं होतं. नोकरी राहिली. खोकी मोजून बांधायच्या विभागात तिला घेतलं. सरांना कुणी काढलं नाही. फक्त दुसऱ्या सोमवारी त्यांचं टेबल गेटवरच्या केबिनमध्ये हलवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. केबिन तीन बाजूंनी काचेची, चौथ्या बाजूला चाव्यांचा फळा. इतकी वर्षं खिडकी नव्हती, आता भिंत नव्हती. पण चालायला चार पावलं होती. पाचव्याला काच.

मी दुपारी चहा घेऊन जायचे. एकदा विचारलं, “सर, आता काय वाचता?”

“ट्रकच्या पाठी. त्यांना थांबे लागत न्हाईत.”

त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडे यादी मागितली. ज्या कागदावर डावीकडे ‘सो’ आणि उजवीकडे कामगाराची सही आहे, असे सगळे जबाब आणि अर्ज. मी विचारलं, कशाला. म्हणाले, “वाचून दाखवतो. राहिलंय ते.”

फायली बाहेर न्यायची परवानगी नव्हती. मी परवानगी मागितली नाही. तीन दिवसांत झेरॉक्स काढल्या. सत्तेचाळीस निघाले. गावाप्रमाणे लावून दिले, बारामती तालुका वेगळा, इंदापूर वेगळा, प्रत्येकापुढं खुणेसाठी चौकट.

दर रविवारी ते निघायचे. निळ्या पेटीत भाकरी, पिशवीत कागद. माणसाच्या दारात जायचे, आपण कोण ते सांगायचे, आणि त्याच्या नावाचा कागद मराठीत वाचून दाखवायचे, अंगणात चालत. दोन-तीनदा मीही बरोबर गेले.

लोणी देवकरचे बबनतात्या गोठ्यात होते. दारू पिऊन कामावर आल्याचं त्यांच्या कागदात त्यांनी कबूल केलेलं होतं. बबनतात्या माळकरी. ऐकून घेतलं, मग म्हणाले, “सोळा वर्सं झाली आबा. आता काय करू ह्याचं? म्हशीपुढं टाकू?”

“टाका,” सर म्हणाले. “पण काय टाकताय ते कळून टाका.”

तात्यांनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवला. म्हशीला नाही टाकला.

वडगाव निंबाळकरला शकुंतलाबाई उन्हात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या कागदात वारंवारच्या उशिराला त्यांचा बेजबाबदारपणा कारण असल्याचं लिहिलं होतं. ते दिवस त्यांच्या सासूच्या शेवटच्या आजारपणाचे होते आणि त्यांनी तसं सांगितलंही होतं. सरांनी वाचलं. बाई शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता इंग्रजीतनं वाचा. कसं ऐकू येतंय बघू.” सरांनी इंग्रजीतून वाचलं, प्रत्येक थांब्याला थांबत. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “ऐकायला लई चांगलं हाय. म्हणूनच सही केली असंल मी.” त्यांनी आम्हाला चहा दिला. सरांनी तो उभ्यानं प्यायला.

सगळे असे नव्हते. एकानं दारातूनच कागद फाडला. एक बाई रडली आणि तिच्या मुलानं सरांना रस्त्यापर्यंत शिव्या दिल्या. सरांनी त्या दोघांपुढंही खूण केली. फाडणाऱ्यापुढं थोडी जास्त ठळक.

निवृत्तीनंतरही हे चालू राहिलं. निरोपाचा नारळ घेतला त्या शनिवारी यादीत चौदा बाकी होते. मग नऊ. मग चार. सुमनताई म्हणायच्या, “ह्यांना सुट्टी म्हणून न्हाय. आदी कारखान्यात अडकले, आता कागदात.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं बारामती स्टँडवर, गेल्या वर्षी पावसाळा संपताना. मी इंदापूरला बहिणीकडे निघाले होते. ते बाकावर बसले होते, निळी पेटी मांडीवर. वाळले होते. मी म्हटलं, “सर, किती राहिले?”

“एक.”

“कुठला?”

त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. नामदेवचा. नामदेव लोडिंगला होता. आईच्या आजारपणासाठी रजा मागायला आला होता आणि आपण स्वखुशीनं काम सोडत आहोत अशा इंग्रजी कागदावर सही करून गेला. आठ दिवसांनी परत आला तर गेटवर नाव नव्हतं. त्या कागदात काय आहे ते मीही वाचलं नव्हतं. शिफ्टवाल्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, सही घ्या म्हणाले. नामदेवनं विचारलं होतं, “ताई, हा रजेचाच हाय ना?” मी कोपऱ्यातला ‘सो’ बघितला आणि म्हणाले, “कर सही. आबांनी बघितलंय.”

मी सरांना हे कधीच सांगितलं नव्हतं.

“मंगलच्या चौकशीनंतर तो गेटवर येऊन भेटला होता मला,” सर म्हणाले. “कोण काय म्हणालं ते त्यानं सांगितलं. तुमच्यावर राग न्हाय त्याचा. तुमी सांगितलंत म्हणजे बरोबरच असंल, असं म्हणतोय अजून. त्याला वाटतंय, रजा नामंजूर झाली.”

“मग तुम्ही सांगितलं नाही त्याला?”

“न्हाय. सेहेचाळीस माझे होते. हा तुमच्या वाटणीचा. वाचून दाखवा. माझं काय न्हाय, मी बसतो हितं. तुमची गाडी लागलीय.”

गाडी खरंच लागली होती. नामदेवचं गाव त्याच रस्त्यावर आहे, इंदापूरच्या अलीकडे. तिथं विनंती थांबा आहे. मी खिडकीतून बघितलं तेव्हा सर बाकावरून उठून फलाटाच्या कडेनं चालत होते. हातात कागद नव्हता. तरी चार-पाच पावलांनंतर थांबले, मग पुढं गेले. गाडी वळली.

तो थांबा आला. एक बाई बाजाराची पिशवी घेऊन उतरली. मी उतरले नाही. परत येताना उतरेन असं ठरवलं. परत येताना अंधार पडला होता. पुढच्या आठवड्यात सर गेल्याचा फोन आला.

मी रोज सकाळी कामांची यादी करते आणि संध्याकाळी खुणा करते. आजच्या यादीत अकरा कामं आहेत. दहा झाली. नामदेवचा कागद पर्समध्येच आहे, घड्यांवर विरत चाललाय. मी तो घरी ओट्यापासून दारापर्यंत चालत वाचून बघितला आहे, बऱ्याचदा. मराठीतही केला आहे. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळतं. इंदापूरची गाडी सकाळी सव्वासातला आहे, मग साडेआठला. अकरावं काम उद्याच्या यादीत पहिलं लिहिलं आहे. कालच्याही यादीत ते पहिलंच होतं.